इथं मुंगी मरत न्हाई

धामणवाडी, ता. जामखेड
११ ऑगस्ट १९४८

आजपासून ही वही. हौस म्हणून नाही, हुकूम म्हणून. नगरला चातुर्मासाला असलेल्या आमच्या जैन साधूंनी, महाराजसाहेबांनी सांगितलं, "कुंदनमल, तुझा राग तुला दिसत नाही. रोज लिहीत जा, म्हणजे दिसेल. घडलं तेही लिही आणि मनात आलं तेही. खोटं लिहू नकोस." मी म्हणालो, खोटं तर मी दुकानातही बोलत नाही. ते हसले. त्या हसण्याचाही मला राग आला. तो इथे पहिला मांडतो.

दुसरं, खोटं न बोलण्याचं, माझं आधीपासूनच होतं; त्यांच्याच समोर श्रावकाचं पहिलं व्रतही घेतलं. हालत्याचालत्या निरपराध जिवाला जाणूनबुजून मारणार नाही आणि मारवणार नाही. मनाने, वाणीने, देहाने. गृहस्थाला एवढंच. साधूंना त्यापुढचं तिसरं बंधनही असतं, दुसऱ्याने मारलं तर त्याला बरं म्हणायचं नाही. ते संसारी माणसाला झेपत नाही म्हणून आम्हाला मोकळं ठेवलं आहे. 'निरपराध' हा शब्द मी मुद्दाम परत विचारून घेतला.

सत्तारमुळे विचारला. सत्तार पिंजारी आमच्या मागच्या आळीत राहतो. आमच्या घरच्या गाद्या त्याच्या बापापासून त्यांच्याच हातच्या. जेठात माझा धाकटा भाऊ पेमराज गाडी घेऊन सरकी आणायला ओढ्यापलीकडे निजामाच्या मोगलाईत गेला. नाक्यावर मुसलमान माणूस बरोबर असला तर रझाकार अडवत नाहीत, म्हणून मीच सत्तारला सोबत दिला. सत्तार परत आला. पेमराज आला नाही. सत्तारच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. म्हणाला, "पेमाशेठला जेलात नेलंय. जित्ता हाय, शेठ. मी पाय धरले त्यांचे."

गावात कोणाला हे पटत नाही. मलाही नाही. त्याच्याच लोकांनी त्याची बोटं कशाला मोडावीत? आणि जेलात असेल तर एक चिठ्ठी येऊ नये? पेमराज मेला असंच धरून आम्ही त्याचं सगळं करून मोकळे झालो. आता सत्तार समोरून गेला की माझे हात शिवशिवतात. कापूस पिंजायची धनुकली चालवता येत नाही म्हणून तो हल्ली लोकांची लाकडं फोडतो, डाव्या हाताने.

१८ ऑगस्ट

गहिनीनाथ पैलवानाची बहीण आज मोगलाईतून आली. रझाकारांनी तिचं घर बाहेरून कडी घालून पेटवलं. नवरा आतच राहिला. हिने कडी हाताने ओढली, तळव्यांची कातडी कडीलाच चिकटून निघाली. आमच्याकडे भांडी घासणारी लंकाबाई तिच्या हातांना खोबरेल लावत होती. ती बाई रडत नव्हती, नुसती बघत होती. गहिनीनाथ पाराच्या दगडावर कुऱ्हाड घासत बसला होता आणि त्या आवाजाने आख्ख्या गावाचे दात आंबले.

दुकानात आलो तर एक गिऱ्हाईक तेलाच्या मापावरून हुज्जत घालायला लागलं. डोक्यात तिडीक गेली. लोखंडी मापटं उचलून भिरकावलं. ते खांबाला लागलं. कपाळाला लागतं तर व्रत तिथेच बुडालं असतं, तेही गोड्या तेलापायी.

मग राग उतरवायला नेहमीचा उपाय केला. अंगणातल्या भिंतीच्या बुडाशी मुंग्यांचं वारूळ आहे, तिथे पीठसाखर घातली. त्यांची रांग ओसरीच्या पायरीवरून जाते. तिच्यावर आमच्याकडे कोणी पाय देत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा चपला काढून रांग ओलांडूनच येतात. सगळ्या गावाला मी ही सवय लावली आहे. मुंग्यांजवळ बसलं की मन निवतं. इतके जीव, आणि मी एकालाही दुखवत नाही.

१ सप्टेंबर

पर्युषण बसलं. या धामधुमीत इकडे कोणी साधुसाध्वी आले नाहीत, म्हणून स्थानकात, आमच्या प्रार्थनेच्या जागी, मीच वाचतो. चार घरांची माणसं, पण सगळी येतात. आज सांगितलं की मोक्षाच्या वाटेवर आधी विश्वास हवा, मग ती वाट नीट माहीत हवी, आणि मग चालायला हवं. तिन्हींतलं एक जरी कमी पडलं तर माणूस जन्मोजन्मी जागच्या जागी. सगळे माना डोलवत होते. माझं पाठांतर चांगलं आहे, हे मी अहंकाराने नाही, आहे म्हणून लिहितो.

घरी आल्यावर सुंदरबाईने, माझ्या बायकोने, भाकरी थापता थापता विचारलं, "दुसऱ्यानं मारलं आणि आपल्याला आतून गोड वाटलं, तर ते मोकळं कसं हो?"

मी म्हणालो, "तुला पाठ येतात का? मग शास्त्रात तोंड घालू नकोस."

"येत नाहीत म्हणूनच विचारते," ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. ताटावरून उठलो. उपवास आयताच घडला.

८ सप्टेंबर

आज संवत्सरी. पाण्याशिवाय उपवास. संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या पापांची उजळणी, झालं आणि आम्ही एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणालो, वर्षभरातलं सगळं माफ.

बाहेर आलो तर स्थानकाच्या पायरीखाली सत्तार उभा. दरवर्षी येतो, त्याचा बाप बाबाजानही यायचा, डोळे होते तोवर. लोक बाजूला सरले. सत्तारने मोडक्या बोटांसकट हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं, शेठ. शेठाणी, तुमालाबी." त्याच्या तोंडी ते शब्द दरवर्षी गमतीदार वाटतात. सगळे माझ्याकडे बघत होते. मीही हात जोडले आणि शब्द उच्चारले. उच्चार शुद्ध होता.

मनातलं लिहायचं ठरलं आहे. हात जोडताना माझी नजर त्याच्या गळ्यावर होती. घाटी खालीवर होत होती.

१४ सप्टेंबर

फौज मोगलाईत शिरली! जामखेडच्या रस्त्याने लष्करी गाड्यांची रांग लागली आहे. डोक्यावरून विमानं गेली तेव्हा बायकांनी ओवाळणीची ताटं बाहेर आणली. मीही दुकानातला गूळ वाटला. गहिनीनाथने मला खांद्यावर उचललं. "शेठ, आता पेमाशेठचं उट्टं काढू." मी म्हणालो, मी व्रतातला माणूस, मला काही सांगू नका. तो म्हणाला, "तुमी नगा काई करू. आमी हाय न्हवं."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते करवणं झालं असतं.

१८ सप्टेंबर

निजाम शरण आला. आता सूड मोकाट सुटला आहे. पलीकडच्या गावांतून धूर दिसतो, एकीकडचा विझतो तोवर दुसरीकडून निघतो. आज ओढ्यात प्रेतं आली. लंकाबाई पाण्याला गेली होती, घागर तिथेच टाकून पळत आली. एका प्रेताला दाढी होती आणि हात मागे बांधलेले होते, म्हणाली. नंतर ओसरीच्या कडेला बसून ओकली. मी तिला घरी पाठवलं आणि ती जागा स्वतः धुतली, पाणी गाळून घेऊन.

पूर्वी मेले ते आमचे होते, आता मरताहेत ते त्यांचे. कर्म आपला हिशेब चुकवतं, मध्ये पडणारे आपण कोण?

१९ सप्टेंबर, तिसरा प्रहर

घाईत लिहितो आहे. सत्तार आमच्या घरात आहे.

दुपारी मागच्या दाराने आला. सुंदरबाईने मला न विचारता त्याला अंगणातल्या सरकीच्या कोठीत घेतलं. मी दुकानातून आलो तेव्हा तो सरकीच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. गहिनीनाथ आणि त्याच्या तालमीतला रंगनाथ माणसं जमवताहेत, म्हणाला. पलीकडची माणसंही आहेत. बायांना आणि म्हाताऱ्यांना सोडतात, पुरुषांना नाही, म्हणून जहिराने, त्याच्या बायकोने, त्याला इकडे ढकललं आणि ती आंधळ्या सासऱ्यापाशी थांबली.

मी विचारलं, "माझ्याकडेच का आलास? पाटलाकडे का नाही गेलास?"

"तुमच्या हितं मुंगी मरत न्हाई, शेठ," तो म्हणाला. "दुसरीकडं कुटं जाऊ?"

किती सहज बोलला. जसं काही ठरलेलंच आहे. मला राग आला की गहिवरून आलं, हे नीट कळत नाही. रागच असावा. मी त्याला विचारलं, "पेमराजला तूच धरून दिलंस ना? आता तरी खरं सांग." तो रडायला लागला. "जित्ता हाय वो त्यो. आल्यावर इचारा." मी कोठीचं दार लोटून घेतलं. राहा म्हणालो नाही, जा म्हणालो नाही.

सुंदरबाई त्याला भाकरी आणि गुळाचा खडा देऊन आली. भिंतीकडची मुंग्यांची रांग आता ओसरीच्या पायरीवरून वळून कोठीच्या दाराखाली शिरते आहे. मी तिला म्हणालो, गूळ द्यायची काय गरज होती? ती म्हणाली, "नुसती भाकरी कशी द्यायची?"

सूर्य कलला. प्रतिक्रमणाची वेळ होते आहे. आसन ओसरीवरच घालतो.

२० सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

मी तोंडावर मुहपत्ती बांधून, वाळूचं घड्याळ उलटं करून सामायिकात बसलो. जोवर वाळू पडते तोवर गृहस्थही साधूसारखा, सगळ्या पापकर्मांपासून अलग. उठायचं नाही. सुंदरबाईही बसली होती. गलका जवळ आला तशी ती उठली. सामायिक अर्धवट टाकलं तिने. मी डोळ्यांनी दटावलं, पण ती जाऊन पायरीवर उभी राहिली.

अंगण भरून माणसं आली. कुऱ्हाडी, विळे, एकाच्या हातात आमच्याच दुकानातून नेलेली पहार. पुढे गहिनीनाथ. पायरीपाशी त्याने चपला काढल्या, सवयीने.

"सत्तार हितं आलाय," तो म्हणाला.

"इथं कोणी नाही," सुंदरबाई म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज जराही कापला नाही.

गहिनीनाथने हात जोडले. "बाईसाहेब, तुमी मागं व्हा. शेठ कंदी खोटं बोलत न्हाईत, आख्ख्या तालुक्याला ठावं हाय. शेठ, तुमी सांगा. तुमी न्हाई म्हनला तर आमी ह्या पावली माघारी जातो."

मी विचार केला. नाही म्हणावं तर असत्य, दुसरं व्रत मोडलं. आहे म्हणावं तर माझ्या शब्दाने तो मेला, पहिलं मोडलं. म्हणून मौन धरलं. शास्त्राच्या कोणत्याही बाजूने बघा, दुसरी वाट नव्हती. सुंदरबाई माझ्याकडे बघत होती. गहिनीनाथ वाट बघत होता. खरंच वाट बघत होता, त्याच्या तोंडावरचा घाम गळत होता.

मग त्याने पाऊल उचललं, परत फिरण्यासाठी की पुढे येण्यासाठी ते मला कळलं नाही. पाऊल मुंग्यांच्या रांगेवर पडणार होतं. मी म्हणालो, "पाय जपून. मुंग्या आहेत."

एवढंच बोललो. यात असत्य नाही, हिंसा नाही. उलट जीवदया आहे.

गहिनीनाथने खाली बघितलं. मग त्याची नजर रांगेबरोबर सरकत कोठीच्या दारापर्यंत गेली.

ते सगळे रांग ओलांडून गेले. इतकी माणसं, पण एकाचाही पाय मुंगीवर पडला नाही.

सुंदरबाई कोठीच्या दाराला आडवी झाली. रंगनाथने तिला बाजूला ओढलं तेव्हा विळ्याचं पातं तिच्या तळव्यात घुसलं. दार मोडलं. आतून सत्तारने एकदाच हाक मारली, "शेठ!" माझी वाळू अजून पडायची होती. पहिला घाव सरकीत गेला असावा, आवाज मऊ आला. नंतरचे तसे नव्हते. लाकडावर पडल्यासारखे होते, मग ओल्या लाकडावर. कोणीतरी पेमराजचं नाव घेऊन मारत होतं. मी डोळे मिटून पाठ चालू ठेवला. एकही अक्षर चुकलं नाही.

वाळू संपल्यावर उठलो. ते निघून गेले होते. तो दाराकडे तोंड करून पडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता, मोडक्या बोटांवरून ओळखला. सरकी कोपऱ्यापर्यंत लाल झाली होती. गूळ तसाच होता, मुंग्या लागलेल्या.

मी मारलं नाही. मी मारवलं नाही.

महाराजसाहेबांना शब्द दिला आहे म्हणून हेही लिहितो. काल रात्री झोप शांत लागली. आज दिवसभर एकदाही राग आला नाही.

२३ सप्टेंबर

सुंदरबाई माझ्याशी बोलत नाही. पंजाला फडकं बांधून मागच्या आळीत पाणी आणि पीठ पोचवते. सत्तारला तिने आणि जहिराने लंकाबाईला मदतीला घेऊन ओढ्याकाठी पुरलं. गावातला एकही पुरुष गेला नाही.

मी मात्र बसून राहिलो नाही. मोगलाईतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो आहे की जेठात माझ्या भावाला धरलं तेव्हा खबर कोणी दिली. ते एकदा पक्कं व्हायला हवं. तो अपराधी असेल तर माझ्या व्रताला कुठून डाग लागणार? कोणालाच माहीत नाही. रंगनाथला विचारलं, तर म्हणाला, "मुसलमान हुता न्हवं? मग झालं की." मी त्याच्यावर खेकसलो. तेवढ्याने भागत नाही. पुरावा पाहिजे.

२६ सप्टेंबर

पेमराज आला.

बीडचा तुरुंग फौजेने उघडला. लष्करी गाडीने फाट्यावर सोडलं, तिथून चालत आला. दाढी वाढलेली, पुढचे दात नाहीत, पाठीवर पट्ट्यांचे व्रण. सुंदरबाई त्याला बिलगून इतकी रडली की शेजारी जमले. आनंद झाला असं लिहायला हवं. तो दारात उभा दिसला तेव्हा मी जागचा उठलो नाही. हा का आला, असं मनात आलं. ते मी खोडत नाही.

त्याने अजून पाणीही तोंडाला लावलं नव्हतं, तेवढ्यात मी विचारलं, "तुला सत्तारनेच धरून दिलं ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सत्तारनं? दादा, मला नाक्यावरच कापणार होते. तो माझ्या अंगावर आडवा पडला. मारा तर मला मारा, म्हणाला. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा हात ठेचला, तरी उठेना. म्हणून मला जिवंत ठेवलं." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "कुठाय तो? आधी त्याला भेटतो. हाताचं काय झालं त्याच्या?"

सुंदरबाईने त्याचा हात धरला आणि कोठीकडे नेलं.

मला वाटलं तो ओरडेल. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि अंगणात येऊन भिंतीच्या बुडाशी घातली. वारूळ खणून काढलं. पायांनी तुडवलं, मुंग्या पायावर चढल्या, चावल्या, तरी तुडवत राहिला. मी धावलो, त्याला पाठीमागून धरलं, ओरडलो, "जीव आहेत रे, जीव आहेत!" त्याने कोपर मारलं. माझं नाक फुटलं. रक्त माझ्या मुहपत्तीवर पडलं.

"आता ओरडायला आलं का तुम्हाला?" तो म्हणाला.

२८ सप्टेंबर

पेमराज मागच्या आळीत जहिराकडे जाऊन राहिला आहे. त्यांचं जळण फोडतो, पाणी भरतो. बोलवायला गेलो तर आत गेला.

नगरला जाऊन प्रायश्चित्त विचारायचं आहे. जाण्यापूर्वी ज्यांचं मन दुखावलं त्यांच्याकडे क्षमा मागावी लागते, म्हणून आज जहिराच्या दारात उभा राहिलो. तिने मला बघितलं आणि चुलीकडे तोंड केलं. पेमराज घरात नव्हता. ओट्यावर बाबाजान बसला होता, मांडीवर सत्तारची धनुकली घेऊन. तिच्या ताणलेल्या तातीवर बोट फिरवत होता. पावलांवरून त्याने मला ओळखलं.

"कोन, शेठ व्हय? या, बसा. सत्तार बरा हाय न्हवं तुमच्याकडं?"

जहिराची पाठ ताठ झाली. तिने मागे वळून बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

"जहिरा रोज म्हनती, दंगा निवला की येतोय," तो म्हणाला. "येऊ द्या सावकाश. मी तिला सांगितलं, घोर करू नगं. शेठच्या घरी गेलाय म्हंजी घरीच हाय. तितं मुंगी मरत न्हाई." त्याने हात पुढे करून माझा हात शोधला आणि धरला. "हाय न्हवं तितं? बरा हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आहे, बाबाजान. बरा आहे."

आज दुसरं व्रत मोडलं. जाणूनबुजून असत्य बोललो. महाराजसाहेबांना याचं प्रायश्चित्त विचारायचं आहे.